मोरिशिगेंची मुसुबी

बौद्ध मंदिराच्या शंभरीनिमित्त महिला मंडळाने पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा गावात भांडणं होणार हे मंडळ सोडून सगळ्यांना कळलं होतं. प्रत्येक पाककृतीसाठी एक छापील कागद होता. वर पदार्थाचं नाव, मध्ये साहित्य आणि कृती, आणि अगदी खाली एकच ओळ: 'पाककृती कोणाची'. ओळ तीन इंच लांब होती. हानापेपे गावातल्या एकाही कुटुंबाचं तीन इंचांत भागणार नव्हतं, आणि मोरिशिगे कुटुंबाचं तर तीन पानांतही भागलं नसतं, हे पुढे वाचकांच्या लक्षात येईलच.

शनिवारी सकाळी नऊ वाजता डोरीन तो कागद घेऊन आईच्या स्वयंपाकघरात हजर झाली. डोरीन ही थोरली. चौतीस वर्षं शाळेत होती, त्यातली शेवटची अकरा उपमुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण ही बातमी तिच्या आवाजापर्यंत अजून पोचली नव्हती. पुस्तकाच्या समितीची चिटणीस अर्थात तीच होती. बारा वाजेपर्यंत सगळे कागद तिच्याकडे जमा व्हायचे होते, आणि जमा न झालेला एकमेव कागद तिच्या स्वतःच्या घरचा होता. ही लाज तिला रात्रभर टोचत होती.

"आई, आज तू करायचंस, कीएले मोजणार, मी लिहिणार," तिने जाहीर केलं. "वेंडेल मध्ये येणार नाही."

वेंडेल हा तिचा धाकटा भाऊ. मध्ये न येणं ही त्याची आयुष्यभराची नोकरीच होती. तो मागच्या दारात उभा राहून अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत होता. त्या कोंबड्या कुणाच्याच नव्हत्या. वादळानंतर सगळ्या बेटावर सुटलेल्या त्या जमातीला हाकलणं हे काम कधीच संपत नाही, आणि म्हणूनच ते वेंडेलला फार आवडायचं.

"मी काय करू?" वेंडेलच्या बायकोने विचारलं.

"तू स्पॅम काप, जो-अ‍ॅन. एका डब्याचे आठ काप. सगळे सारखे."

"वीस वर्षं कापतेय मी."

"म्हणूनच सांगितलं."

जो-अ‍ॅनने खारवलेल्या मांसाचा तो डबा उघडला. दर वर्षी पितरांसाठी बोन नाच व्हायचा, तेव्हा मंदिराच्या अंगणात मोरिशिगेंच्या टेबलासमोर जी रांग लागायची, तिच्यासाठी तिने असे किती डबे उघडले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. मुसुबी तशी पेट्रोल पंपावरही मिळते. भाताची वडी, तिच्यावर स्पॅमचा काप, दोघांना बांधणारी नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाची, काळी पट्टी, यात करण्यासारखं काय आहे असं बाहेरच्याला वाटेल. पण लोक पार शहरातून, लिहुएहून, गाडी काढून यायचे आणि म्हणायचे, "मोरिशिगेंची आहे ना? मग चार द्या." आणि टेबलामागे बसलेली फुमिए मोरिशिगे, वय वर्षं ऐंशी, मान एवढीशी झुकवायची. त्या झुकण्यात नम्रता किती आणि दुसरंच काही किती, हे घरच्यांना ठाऊक होतं.

"लिहायला सुरुवात करण्याआधी एक सांगते," जो-अ‍ॅन कापता कापता म्हणाली. आवाज शांत होता. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि वाईट बातमी शांत आवाजात सांगण्याचा तिला सराव होता. "त्या खालच्या ओळीवर माझ्या आईचं नाव येणार."

मागच्या दारातून वेंडेल अंगणात उतरला. एक कोंबडी अचानक फारच माजली होती म्हणे.

डोरीनने पेन टेबलावर ठेवलं. "काय म्हणालीस?"

"हे आईंचं नाही. माझ्या आईचं आहे. वादळानंतर तिने इथे येऊन केलं, तिथून हे या घरात आलं. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. ती असेपर्यंत मी बोलले नाही, कारण तीच नको म्हणायची. आता पुस्तक छापतायत. छापलेलं राहतं. मला तिचं नाव पाहिजे, बस."

"पुरावा?"

"ही काय शाळा आहे?"

"नाही, पुस्तक आहे. पुस्तकात पुरावा लागतो." डोरीन आईकडे वळली. "आई, ही काय म्हणतेय?"

फुमिएने राइस कुकरचं झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली, आणि लाकडी उलथन्याने भात खालीवर करायला घेतला. "भात तयार आहे," ती म्हणाली. "थंड झाला की साच्यात बसत नाही. तुम्हाला भांडायचं असेल तर लवकर भांडा."

हे उत्तर नव्हतं, पण मोरिशिगेंच्या घरात उत्तर न देणाऱ्याला नेहमीच जास्त मान होता.

आता इथे तेंगान, म्हणजे जो-अ‍ॅनच्या माहेरचे, आणि मोरिशिगे यांचं प्रेम सांगायला हवं. मोरिशिगे मूळचे जपानातल्या हिरोशिमाकडचे. तेंगान पार दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचे. दोघांचे आजोबा इथे येऊन एकाच ऊसमळ्यावर, एकाच मुकादमाच्या शिव्या खात राबले, पण हिरोशिमावाल्यांना वाटायचं की आपण त्या शिव्या वरच्या पायरीवर उभं राहून खातो. ओकिनावावाले डुकरं पाळत. जो-अ‍ॅनची आई खोऱ्याच्या वरच्या अंगाला डुकरं पाळायची आणि मंगळवारी नि शुक्रवारी गावातल्या घरांच्या मागच्या पायरीवरून खरकट्याचे डबे गोळा करून न्यायची. मोरिशिगेंच्या पायरीवरूनही न्यायची. त्या वेळी फुमिए खिडकी लावून घ्यायची. पुढे त्या डुकरंवालीच्या मुलीशीच वेंडेलने लग्न केलं. आपल्या आयुष्यात त्याने घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि त्याचा धक्का बहुधा त्यालाही बसला असावा, कारण त्यानंतर त्याने दुसरा घेतला नाही. लग्नात फुमिए अशा चेहऱ्याने बसली होती की फोटोग्राफरने तिला दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. विहीण म्हणून ती नंतर कधी तेंगानांच्या घरी गेली नाही. विहिणीच्या अंत्यविधीला गुडघ्यांचं निमित्त झालं आणि फुलं वेंडेलच्या हाती गेली.

आणि गंमत अशी की ज्या घरात डुकरांचं नाव काढलं की नाकं मुरडली जायची, त्या घराची सगळी कीर्ती डब्यातल्या डुकराच्या मांसावर उभी होती. डबा चौकोनी होता, त्यामुळे चालत होतं बहुतेक.

"ठीक आहे," डोरीन म्हणाली. "आई करेल तसं मी लिहिते. कृतीच सांगेल कोणाची आहे ते. कीएले, कप घे."

कीएले ही वेंडेल आणि जो-अ‍ॅनची मुलगी, सव्वीस वर्षांची. डोरीनने तिला मुद्दाम बोलावलं होतं. आंटी म्हणून तिचा विश्वास असा की कीएले मोरिशिगेंच्या वळणावर गेली आहे. जो-अ‍ॅननेही येऊ दिलं होतं, कारण आई म्हणून तिचा विश्वास नेमका उलटा होता. कीएलेला कोणाच्याच वळणावर जायचं नव्हतं. तिला दुपारी समुद्रावर जायचं होतं.

"बाचान, थांब थांब!" तिने आजीच्या मुठीखाली कप धरला. "साखर टाकायच्या आधी इथे टाक. मी मोजते."

"मोजून केलेलं कुणी खातं का?"

"पुस्तकवाले खातात."

फुमिएने मूठ कपात सोडली आणि कपाकडे असं पाहिलं, जणू त्याने तिचा अपमान केला होता. "अर्ध्याहून जरा जास्त," कीएले म्हणाली. "जरा म्हणजे किती लिहिणार, आंटी?"

"जरा लिहिते."

आणि अशा रीतीने शास्त्रोक्त पद्धतीने काम सुरू झालं. जो-अ‍ॅनने काप सासूपुढे सरकवले. फुमिएने पातेल्यात पाणी उकळलं होतंच. तिने सगळे काप त्यात सोडले.

डोरीन मोठ्याने बोलत लिहू लागली. "काप आधी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. स्वच्छतेसाठी. मोरिशिगेंकडे स्वच्छतेवर पहिल्यापासून भर."

"स्वच्छतेसाठी नाही," जो-अ‍ॅन म्हणाली.

"मग कशासाठी?"

"डुकराचं मांस आधी उकळून ते पाणी फेकायचं. खारटपणा जातो, चरबी सुटते. आमच्याकडे कुठलंही डुकराचं मांस असंच करतात. अख्ख्या गावात दुसरं कोण स्पॅम उकळतं, सांग. सगळे सरळ तव्यावर टाकतात. तू तुझ्या घरी उकळतेस?"

डोरीन तिच्या घरी उकळत नव्हती. डोरीनच्या घरची मुसुबी चामड्यासारखी व्हायची, आणि आईने आपल्यापासून काहीतरी लपवलंय हा संशय तिच्या मनात वीस वर्षं होता. आत्ता कागदावर ओळ लिहिता लिहिता तिला कळलं की लपवलं होतं ते हेच. आईने तिला शिकवताना उकळण्याचं नावही काढलं नव्हतं. पण समितीची चिटणीस अशा गोष्टी मनाला लावून घेत नाही.

"योगायोग," ती म्हणाली.

"बरं. पुढचं बघ मग."

फुमिएने पाणी ओतून दिलं, काप तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस केले, त्यावर साखर भुरभुरली, चमचाभर पाणी शिंपडलं आणि आच बारीक केली. शोयूची, म्हणजे सोया सॉसची, बाटली शेजारीच उभी होती. तिने तिला हात लावला नाही.

"शोयू?" डोरीनचं पेन थांबलं होतं.

"अजून नाही."

"का?"

फुमिएने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण जे शब्द तोंडात आले ते तिचे नव्हते. उत्तर जो-अ‍ॅनने दिलं. "आधी साखर आत जाऊ द्यायची. शोयू आधी घातला तर मांस आखडतं. माझी आई सणाला डुकराचं मांस शिजवायची ते असंच. वाटल्यास आमच्या कुठल्याही घरी जाऊन बघ. एक आंधळी म्हातारीसुद्धा वासावरून सांगेल हे तेंगानांचं आहे म्हणून."

"म्हाताऱ्यांच्या नाकाला पुरावा म्हणत नाहीत. तू स्वतः होतीस का इथे तेव्हा? वादळानंतर?"

हा वार नेमका बसला. जो-अ‍ॅन नव्हती. ब्याण्णवच्या त्या वादळात बेटावरची निम्मी छपरं उडाली तेव्हा ती हॉस्पिटलात होती, आणि नऊ दिवस तिथेच राहिली. आईला नंतर विचारलं तर आई एवढंच म्हणाली होती, "गेले होते जरा. थोडं रांधलं." एवढ्याच भांडवलावर ती आज उभी होती, आणि तिला ते ठाऊक होतं. तिने सुरी धुतली, पुसली, पुन्हा धुतली.

"वेंडेल होता," ती म्हणाली. "वेंडेल!"

वेंडेलला आत यावं लागलं. त्याच्या हातात झाडू होता आणि चेहरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ढकललेल्या माणसाचा.

"वादळानंतर माझी आई इथे आली होती ना? तिने इथे मुसुबी केली होती ना?"

वेंडेलने आईकडे पाहिलं. आई तव्याकडे पाहत होती. त्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण त्याच्याकडे जसं पाहत होती तसं ती पूर्वी गृहपाठ न आणणाऱ्या मुलांकडे पाहायची. बायकोकडे बघायचं त्याने टाळलं.

"मी छपरावर होतो," तो म्हणाला.

"काय?"

"छप्पर गेलं होतं ना. मी वर ताडपत्री बांधत होतो. निळी."

"नऊ दिवस?"

"मोठं छप्पर होतं."

"जेवायला खाली उतरत होतास की नाही?" जो-अ‍ॅनचा शांत आवाज आता फार शांत झाला होता. "की वरच पोचवत होते? आणि पोचवत होते तर काय पोचवत होते? ताडपत्रीला वास तरी येत होता का?"

"जो-अ‍ॅन, किती वर्षं झाली..."

"वीस. तुला आठवतंय. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात."

वेंडेलला सगळं आठवत होतं. छपरावरून त्याला खाली शेडमध्ये सासूची पाठ दिसायची, पोत्यासारखा फ्रॉक, पायात मोठे रबरी बूट. डुकरांची खोपटी वाहून गेली होती तिची, निम्मी डुकरं बुडाली होती, आणि ही बाई गॅसची शेगडी आणि भांडी घेऊन चिखलातून चालत जावयाच्या घरी आली होती, कारण त्या घरी वीज नव्हती आणि एक म्हातारी आणि एक लहान पोर होतं. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य सांगितलं की आई दुखावणार, आणि न सांगितलं की बायको. वीस वर्षं त्याने मिठाची गुळणी धरली होती आणि त्या गुळणीलाच तो स्वभाव म्हणत आला होता.

"मी छपरावर होतो," तो पुन्हा म्हणाला, आणि या खेपेला त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"झालं," डोरीन म्हणाली. "साक्षीदाराला काही दिसलं नाही. आई, शोयू घाल, काप करपतील. मी लिहिते, पाककृती: फुमिए मोरिशिगे. कन्या डोरीन यांच्या सौजन्याने."

"कोणाच्या?" कीएलेने विचारलं.

"सौजन्याने. लिहिलं मी, म्हणून."

कीएलेने हातातला कप खाली ठेवला. सगळी सकाळ ती एकही बाजू न घेता नीट मोजत होती. पण फुमिएने नुकता शोयू घातला होता, तव्यातून पहिली वाफ उठली होती, आणि त्या वासाने तिला कुठेतरी नेलं होतं.

"मी होते की," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी छपरावर नव्हते. सहा वर्षांची होते ना मी. तेंगान बाचानने मला उलट्या बादलीवर बसवलं होतं आणि साचा धरायला दिला होता. म्हणजे साचा नव्हता तो. स्पॅमचाच डबा, दोन्हीकडून कापलेला. कडा लागू नये म्हणून तिने त्याला कापड गुंडाळलं होतं. ती भात भरायची, मी दाबायची. गल्लीतले सगळे यायचे." ती आजीकडे वळली. "आणि बाचान, तू आत होतीस. दोन दिवस बाहेर आलीच नाहीस. तेंगान बाचान तुझ्या दाराबाहेर ताटली ठेवायची आणि तू ती तशीच ठेवायचीस. तिसऱ्या दिवशी तू बाहेर आलीस आणि उभ्याने खाल्लंस. चार खाल्ल्यास. मी मोजल्या होत्या."

डोरीन म्हणाली, "सहा वर्षांच्या मुलीची आठवण..."

"डोरीन, गप्प बस," फुमिए म्हणाली.

घरातल्या कुणी हे वाक्य याआधी ऐकलं नव्हतं. डोरीन इतकी चकित झाली की खरोखरच गप्प बसली.

फुमिएने आच बंद केली. साचा पाण्यात बुडवला, भात भरला, वरून फळी दाबली, फळी धरून साचा वर काढला. वडी टेबलावर उभी राहिली. तिने काप ठेवला, नोरीची पट्टी फिरवली, टोक भाताच्या दोन शितांनी चिकटवलं. हात अजिबात चुकले नाहीत. त्या हातांचाच तिला आत्ता राग येत होता.

"पाच," ती म्हणाली. "पाच खाल्ल्या मी. एक तू पाहिली नाहीस."

तिने नोरीची पुढची पट्टी उचलली.

"मला भूक लागली होती. बस, तेवढंच. दोन दिवस म्हटलं, हिच्या हातचं खाणार नाही. मग भूक लागली. खाताना वाटलं, इतकं चांगलं मी आयुष्यात खाल्लेलं नाही, आणि त्याचा इतका राग आला की काय सांगू. ती काही बोलली नाही. करायचं कसं ते दाखवलंन. म्हणाली, साखर आधी. म्हणाली, नाहीतर मांस आखडतं." तिने दुसरी वडी दाबली. "पुढच्या वर्षी बोन नाचाला मी केलं. लोक म्हणाले, मोरिशिगेंची मुसुबी. मी म्हटलं, हो."

"एकदा तरी सांगायचं होतं, आई," जो-अ‍ॅन म्हणाली.

"सांगणार होते. ती रांगेत आली तेव्हा सांगणार होते. दर वर्षी यायची ती. रांगेत उभी राहायची सगळ्यांच्या मागे, आणि दोन घ्यायची. दोन. मी दोन द्यायची. ती तिथेच उभ्याने खायची, म्हणायची, छान झालीय हं, मोरिशिगे-सान. आणि जायची. पंधरा वर्षं. एकदाही ती हसली असती ना, एकदाही टोमणा मारला असता, तर मी सांगितलं असतं. मी वाट बघायची तिच्या टोमण्याची. तिने मारलाच नाही."

जो-अ‍ॅन सिंककडे तोंड करून उभी राहिली. आई दर वर्षी बोन नाचाहून येऊन म्हणायची, तुझ्या सासूचा हात चांगला आहे. ती हे थट्टेने म्हणते असं जो-अ‍ॅनला वाटायचं. ती थट्टा नव्हती हे तिला आत्ता कळत होतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं. वेंडेलने झाडू भिंतीला टेकवला आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. या वेळी तो निदान जमिनीवर होता.

डोरीनने खाकरून घसा साफ केला. तिची अडचण खरी होती. "हे सगळं ठीक आहे. पण समितीचा नियम आहे. पाककृती देणारी मंडळाची सभासद पाहिजे. तेंगानबाई सभासद नव्हत्या. मी नियम मोडू शकत नाही."

"का नव्हती सभासद?" फुमिएने विचारलं.

"अं?"

"अर्ज केला होता तिने. जो-अ‍ॅनच्या लग्नानंतर. विचार तुझ्या समितीला, नको कोण म्हणालं ते."

डोरीनने विचारलं नाही. त्या वर्षी मंडळाची अध्यक्ष कोण होती हे तिला ठाऊक होतं. तिचा फ्रेम केलेला फोटो याच स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर टांगलेला होता, आणि ती स्वतः समोर उभी होती.

"आई, मग आता मी काय करू? बारा वाजत आलेत."

"सोपं आहे. तिचं नाव येत नसेल तर कागद फाड. आणि मंडळाला सांग, यंदा बोन नाचाला मोरिशिगेंचं टेबल नसेल. लोकांना म्हणावं, पेट्रोल पंपावर मिळतात."

"तू असं करणार नाहीस."

"मी काय काय केलंय ते आत्ताच ऐकलंस ना?"

डोरीनने आईकडे पाहिलं, मग वहिनीच्या पाठीकडे. मोरिशिगेंच्या टेबलाशिवाय शंभरावा बोन नाच म्हणजे काय प्रसंग ओढवेल, हे तिला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर तिला आखडलेल्या मांसाचं जास्त लागलं होतं. परक्या बाईने आईला तिसऱ्या दिवशी सगळं शिकवलं, आणि आईने पोटच्या मुलीला वीस वर्षांत अर्धंच.

"मला का नाही सांगितलंस उकळायचं?" ती म्हणाली. हा आवाज उपमुख्याध्यापिकेचा नव्हता.

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुणी शिकवलं."

 डोरीनने पेनाने 'फुमिए मोरिशिगे' वर आडवी रेघ मारली, 'कन्या डोरीन यांच्या सौजन्याने' वर दोन मारल्या, 'स्वच्छतेसाठी' वरही एक मारली, आणि कागद आईपुढे सरकवला. "नियमाचं मी बघते. तूच लिही. तुझ्या अक्षरात असू दे."

फुमिएने हात पुसले. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. ती खुर्चीत बसली, कागद जवळ ओढला, आणि खोडलेल्या ओळीखाली उरलेल्या जागेवर पेन टेकवून तिने आडनाव लिहिलं. तेंगान. सावकाश, इंग्रजी अक्षरांत, शाळेतल्यासारखं. मग पेन आडनावाच्या आधी सोडलेल्या मोकळ्या जागेवर नेलं.

पेन तिथेच राहिलं.

जो-अ‍ॅन वळून पाहू लागली. कीएलेने आजीच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.   फुमिए आठवत होती. मंगळवारी नि शुक्रवारी मागच्या पायरीवर वाजणारे डबे तिला आठवत होते. लग्नातला काळा किमोनो, रबरी बूट, दाराबाहेरची ताटली, रांगेच्या शेवटी उभी असलेली ती बुटकी बाई, सगळं आठवत होतं. लग्नाच्या पत्रिकेवर असणार, तिने ती वाचली नव्हती. अंत्यविधीच्या कागदावर असणार, ती गेली नव्हती.

तिने मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं. ऐंशी वर्षांत तिने कुणाकडे असं पाहिलं नव्हतं.

"जो-अ‍ॅन," ती म्हणाली, "तिचं नाव काय होतं?"

 वेंडेलने डोळे मिटून घेतले.

जो-अ‍ॅन टेबलापाशी आली. ओले हात तिने पुसले नव्हते. खुर्ची ओढून ती सासूच्या शेजारी बसली. "कामे," ती म्हणाली. आणि फुमिएचं पेन तरीही हललं नाही, तेव्हा तिने एकेक इंग्रजी अक्षर सांगितलं.

फुमिएने चारही अक्षरं लिहिली. मग पुढच्याची वाट बघत थांबली.

"पुढे?"

"पुढे काही नाही, आई," जो-अ‍ॅन म्हणाली. "एवढंच होतं."